मुलगा कॉलेज फुटबॉलचा कोच व्हायचं म्हणतोय. दोन ऑफर्सपैकी कुठली घ्यावी?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा २२ वर्षांचा, न्यू जर्सीतच वाढलेला. डिव्हिजन थ्री या खालच्या गटातल्या कॉलेजात चार वर्षं अमेरिकन फुटबॉल खेळला, सेफ्टी म्हणजे बचावातला सगळ्यात मागचा खेळाडू म्हणून, आणि अर्थशास्त्राची पदवी घेतली. हार्टफर्डच्या एका विमा कंपनीतली नोकरी ठरल्यात जमा होती, आणि आता तो म्हणतोय की मला कॉलेज फुटबॉलमध्ये कोच व्हायचंय. त्याच्यापुढे दोन जागा आहेत. एक मोठ्या, नावाजलेल्या विद्यापीठात रिक्रूटिंग, म्हणजे नवे खेळाडू निवडून आणायच्या विभागातला सहायक म्हणून. दुसरी मिडवेस्टमधल्या, एक पायरी वरच्या डिव्हिजन टूच्या कॉलेजात ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून (मास्टर्स करता करता कोचिंगची उमेदवारी), कॉर्नरबॅक्सना, म्हणजे कडेला राहून पास अडवणाऱ्या खेळाडूंना, शिकवायचं. तुम्ही विचारलंय की यातली कुठली घ्यावी आणि दहा वर्षांनी तो कुठे असेल.

मी या कामात १७ वर्षं आहे. सातवीपर्यंत डोंबिवलीत शिकलो, मग वडिलांच्या नोकरीमुळे ओहायोला आलो आणि तिथे या खेळाने धरलं ते कायमचं. ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणूनच सुरुवात केली. पाच कॉलेजं झाली, दोनदा नोकरी गेली, आज डिव्हिजन टूमध्ये डिफेन्सिव्ह बॅक्सचा, म्हणजे सेफ्टी आणि कॉर्नरबॅक्सचा, कोच आहे. त्यामुळे सांगतोय ते सगळं अंगावर घेतलेलं आहे. मोठ्या नावाच्या कॉलेजात मात्र मी फक्त दोन वर्षं होतो, तेही खालच्या जागेवर, हे लक्षात ठेवून वाचा.

दोन ऑफर्सचं उत्तर पुढे देतोच. पण तुमच्या पत्रातून मला दुसरीच काळजी जाणवली. पोरगं कमी पगारात राहील याला तुम्ही घाबरलेल्या नाही आहात. हे किती वर्षं चालू द्यायचं, आणि जमत नाहीये हे कशावरून ओळखायचं, हे तुम्हाला कळत नाहीये. प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर समजायला हा धंदा आतून कसा चालतो ते आधी बघावं लागेल.

सगळ्यात वरच्या पातळीवर, म्हणजे टीव्हीवर दिसणाऱ्या एफबीएसमध्ये, साधारण १३५ संघ आहेत. २०१८ पासून तिथल्या प्रत्येक हेड कोचला दहा असिस्टंट ठेवता येतात, त्याआधी नऊच होते. त्यातले दोघं-तिघं कोऑर्डिनेटर, म्हणजे अख्ख्या आक्रमणाचे किंवा बचावाचे प्रमुख, बाकीच्यांकडे एकेक गट: कुणाकडे रिसीव्हर्स (फेकलेला चेंडू पकडणारे), कुणाकडे लाइनबॅकर्स (बचावाची मधली फळी). हिशेब करा, सगळ्या देशात तेराशेच्या आसपास खुर्च्या. त्याखाली एफसीएस, डिव्हिजन टू, डिव्हिजन थ्री आणि एनएआयए या पातळ्या मिळून आणखी सहाशेच्या आसपास कॉलेजं, जिथे स्टाफ लहान आणि पगार त्याहून लहान. या खुर्च्यांच्या मागे उभी असते अनालिस्ट, क्वालिटी कंट्रोल (दोघंही पडद्यामागे फिल्म बघून माहिती काढणारे) आणि ग्रॅज्युएट असिस्टंट यांची फौज. २०२४ च्या उन्हाळ्यात नियम बदलला आणि अनालिस्ट मंडळींना सरावात आणि मॅचमध्ये प्रत्यक्ष शिकवायची मुभा मिळाली. बाहेरगावी जाऊन मुलं बघायचा अधिकार मात्र अजून हेड कोच आणि त्या दहा जणांनाच आहे.

पैशाचं थोडक्यात सांगतो. वरच्या काही कोऑर्डिनेटर्सना वर्षाला वीस लाख डॉलरहून जास्त मिळतात. ग्रॅज्युएट असिस्टंटला मिळते मास्टर्सची फी आणि हातखर्चाला पुरेल एवढी रक्कम. मधल्या लोकांचं सगळं कॉलेजवर अवलंबून असतं. सरकारी विद्यापीठांचे पगार जाहीर असतात, मुलाला ते शोधून वहीत लिहायला सांगा. तासाभरात खरं चित्र दिसेल.

आता उमेदवारीचं काम. त्याचं चित्र बहुतेक मुलांच्या डोक्यात चुकीचं असतं. शनिवारची मॅच बाहेरगावी असेल तर बस कॅम्पसवर पोचते रात्री एक-दोनला. रविवारी सकाळी सातला कोऑर्डिनेटर ऑफिसात येतो तेव्हा पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या मागच्या चार मॅचेसचं फिल्म फोडून, म्हणजे एकेक प्ले (चाल) नोंदवून, तयार पाहिजे. एका मॅचमध्ये सत्तरच्या आसपास प्ले, आणि प्रत्येक प्लेसमोर नोंदी: कितवा डाउन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी कितवा), किती यार्ड हवेत, चेंडू मैदानाच्या डाव्या खुणेवर की उजव्या, मैदानात कोण कोण, रचना कुठली, कोण आधी हलला, शेवटी काय झालं. एक रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) आणि एक टाइट एंड (अडवणारा आणि चेंडूही पकडणारा) असेल तर त्याला इलेव्हन म्हणायचं, एक आणि दोन असेल तर ट्वेल्व्ह. हे सगळं चोख भरलं तरच मंगळवारी कोऑर्डिनेटर म्हणू शकतो की तिसऱ्या डाउनला सात यार्ड हवे असले की हे लोक अमुकच करतात.

मग कार्डं. आपलेच दुसऱ्या फळीतले खेळाडू सरावात प्रतिस्पर्धी बनतात, आणि त्यांनी काय धावायचं ते मोठ्या कार्डावर काढून त्यांच्यासमोर धरायचं असतं. ती कार्डं उमेदवार काढतो, आठवड्याला शंभरावर. माझ्या पहिल्या सीझनमध्ये मी एका कार्डावर टाइट एंड उजवीकडे काढायचा तो डावीकडे काढला. मंगळवार, बुधवार आमचा सेफ्टी त्या रचनेला उलट्या बाजूला सरकायला शिकला. गुरुवारी कोऑर्डिनेटरने फिल्म थांबवली, कार्ड मागवलं, बघितलं आणि एवढंच म्हणाला, "त्या मुलाला तू सांग. आत्ता." मी जेवणघरात गेलो, त्या सेफ्टीसमोर बसलो, मीठ-मिरीच्या बाटल्या मांडून त्याला दाखवलं की चूक माझी होती आणि बरोबर काय आहे. मग रात्री बसून त्या आठवड्याची सगळी कार्डं पुन्हा काढली. कुणी सांगितलं नव्हतं.

हे सविस्तर सांगतोय कारण माझी पुढची नोकरी त्या रात्रीतून आली. दोन वर्षांनी तो कोऑर्डिनेटर दुसऱ्या कॉलेजात गेला आणि तिथून त्याने फोन केला: कॉर्नर्सना कोच हवाय, येतोस का? जाहिरात नंतर निघाली, नियमापुरती.

या धंद्यात बहुतेक जागा अशाच भरतात. दर जानेवारीत अमेरिकन फुटबॉल कोचेस असोसिएशनचं अधिवेशन असतं. हॉटेलच्या लॉबीत आपापल्या कॉलेजचे शर्ट घातलेले शेकडो तरुण बायोडेटा घेऊन उभे असतात. पहिल्या वर्षी मी चाळीस प्रती नेल्या, वाटल्या, एकातूनही काही निघालं नाही. तिसऱ्या वर्षी एकही प्रत नेली नाही, पण आमचा कोऑर्डिनेटर मला बाजूला घेऊन त्याच्या जुन्या सहकाऱ्याला म्हणाला, हा माझी कार्डं काढायचा. याला वशिला म्हणू नका. हेड कोचची नोकरी दर शनिवारी पणाला लागलेली असते, म्हणून तो अशाच माणसाला घेतो ज्याला त्याने किंवा त्याच्या विश्वासातल्या कुणी रात्री अकरा वाजता काम करताना पाहिलेलं आहे.

किर्बी स्मार्ट यांचं उदाहरण घ्या. जॉर्जिया विद्यापीठात खेळले, १९९९ मध्ये तिथेच ऑफिसात किरकोळ कामावर होते. २००० मध्ये वाल्डोस्टा स्टेट या डिव्हिजन टूच्या कॉलेजात डिफेन्सिव्ह बॅक्सचे कोच झाले आणि पुढच्याच वर्षी डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. पंचविशीतल्या माणसाला अख्खा डिफेन्स मिळाला होता. तो सोडून २००२ मध्ये ते फ्लोरिडा स्टेटला गेले, ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून. आपल्या घरी कुणी असं केलं तर नातेवाईक म्हणतील डोकं फिरलंय. दोन वर्षांनी, २००४ मध्ये, निक सेबन हेड कोच असलेल्या एलएसयूमध्ये (लुइझियाना स्टेट) जागा मिळाली. तिथे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होते विल मशॅम्प, वाल्डोस्टा स्टेटला ज्यांच्या हाताखाली स्मार्ट यांनी पहिलं वर्ष काढलं होतं. पुढे सेबन यांच्याबरोबर अलाबामात नऊ सीझन, आणि मग जॉर्जियाचे हेड कोच म्हणून २०२१ आणि २०२२ या सीझन्सची लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं. ही वाट कागदावर काढली तर वर, वर, खाली, वर अशी दिसते. पण माणसं बघितली तर ती सलग आहे.

म्हणून मुलाला सांगा, कॉलेजचं नाव दुसरं बघ, आधी माणूस बघ. ज्याच्या हाताखाली जाणार त्या कोऑर्डिनेटरकडचे मागच्या पाच वर्षांतले उमेदवार आज कुठे आहेत? त्यातल्या दोघांना फोन करून विचार की तो शिकवायचा का, आणि निघताना त्याने तुझ्यासाठी फोन केला का. लोक हे मोकळेपणाने सांगतात. या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की अर्धा निर्णय झाला.

आता जे वाईट आहे ते. असिस्टंटची नोकरी त्याच्या कामावर टिकत नाही, हेड कोचच्या निकालांवर टिकते. हेड कोच गेला की नवा माणूस आपली माणसं आणतो. माझ्या दुसऱ्या नोकरीच्या वेळी आमचा गट चांगला खेळला होता, तरी नोव्हेंबरच्या शेवटच्या मॅचनंतरच्या रविवारी सगळ्यांना बोलावलं. बैठक दहा मिनिटांत संपली. संध्याकाळी माझं कार्ड ऑफिसच्या दाराला लागेना. मुलगी तेव्हा दुसरीत होती. पगारापेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. ज्या पोरांना मी त्यांच्या आयांच्या स्वयंपाकघरात बसून शब्द दिला होता त्यांचे रात्रभर मेसेज येत होते, "कोच, तुम्ही राहणार ना?" त्यांना काय लिहावं हे मला आजही कळलेलं नाही.

डॅबो स्विनी यांच्यावर हे आलं होतं. १९९३ पासून अलाबामात, आधी ग्रॅज्युएट असिस्टंट, मग पोझिशन कोच (एका गटाचे कोच). २००० चा सीझन तीन जय, आठ पराभव असा गेला आणि सगळा स्टाफ बाहेर पडला. पुढची दोन वर्षं ते बर्मिंगहॅममध्ये व्यापारी जागा भाड्याने देण्याच्या धंद्यात होते. २००३ मध्ये टॉमी बाउडन यांनी क्लेम्सनला रिसीव्हर्सचा कोच म्हणून बोलावलं, २००८ च्या ऑक्टोबरमध्ये भर सीझनला हेड कोचची जागा हंगामी म्हणून हातात आली, आणि पुढे २०१६ व २०१८ ची विजेतेपदं. कर्ट सिग्नेटी यांनी तर २८ वर्षं असिस्टंट म्हणून काढली आणि पन्नाशीच्या तोंडावर अलाबामाची नोकरी सोडून डिव्हिजन टूमध्ये हेड कोच व्हायला गेले. २०२४ मध्ये इंडियानाला ११ विजय मिळवून दिले तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती.

ही नावं मुलालाही पाठ असतील. पण जे परत आले त्यांच्याच गोष्टी सांगितल्या जातात. माझ्याबरोबर उमेदवारी केलेल्या सहा जणांपैकी आज कॉलेजात आम्ही दोघं आहोत. एक हायस्कूलमध्ये गणित शिकवतो आणि तिथला हेड कोच आहे, आणि तो मला आमच्या सगळ्यांत समाधानी वाटतो. हायस्कूल ही उतरण समजू नका. गस मॅल्झान २००५ पर्यंत आर्कान्सामधल्या हायस्कूलांतच कोच होते, आणि २०१० मध्ये देशातल्या सर्वोत्तम असिस्टंटला मिळणारा ब्रॉयल्स पुरस्कार त्यांना मिळाला.

तुम्ही हळूच विचारलंय की आपल्या नावाच्या, आपल्या चेहऱ्याच्या मुलाला घेतील का. घेतात. संजय लाल हे भारतीय वंशाचे कोच जेट्स, बिल्स, काउबॉइज, सीहॉक्स अशा एनएफएल या व्यावसायिक लीगच्या संघांत रिसीव्हर्सना शिकवत आले आहेत. माझा अनुभव असा की नाव चुकीचं उच्चारतात, पण काम बघतात. आणि रिक्रूटिंगला मला आपलं घर उपयोगी पडतं. दक्षिण जॉर्जियात एखाद्या आईसमोर बसलो की ती पहिल्यांदा विचारते, माझा मुलगा पदवी घेऊन बाहेर पडेल ना? माझी आई हेच विचारायची, त्याच सुरात. त्याचं उत्तर देताना मला नाटक करावं लागत नाही.

आता तुमच्या दोन ऑफर्स. मोठ्या विद्यापीठातलं रिक्रूटिंगचं काम आज पूर्वीसारखं दुय्यम राहिलेलं नाही. २०१८ मध्ये ट्रान्स्फर पोर्टल (कॉलेज बदलू बघणाऱ्या खेळाडूंची यादी) आलं, २०२१ मध्ये खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवायची परवानगी मिळाली, आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी कॉलेजमागे दोन कोटी डॉलरच्या थोडी वर एवढ्या मर्यादेपर्यंत. त्यामुळे कुठला खेळाडू किती मोलाचा हे ठरवणाऱ्या माणसांची, जनरल मॅनेजर म्हणतात त्यांची, एक वेगळीच वाट तयार झाली आहे. अर्थशास्त्र शिकलेल्या मुलाला ती चांगली आहे. पण ती वाट मैदानावर सहसा जात नाही. तिथे त्याला कुणी कॉर्नरबॅकच्या पायांची ठेवण सुधारायला सांगणार नाही.

डिव्हिजन टूच्या जागेवर दुसऱ्या दिवसापासून सहा-सात मुलं त्याची असतील. मीटिंगमध्ये उभं राहून त्यालाच बोलायचंय. ती मुलं शनिवारी चुकली तर चूक त्याची. लहान स्टाफमध्ये रिक्रूटिंगही करायला मिळतं, गाडी घेऊन हायस्कूलं पालथी घालायची. शिकवायची आवड असेल तर मी डोळे मिटून हीच जागा घेईन. खेळाडू पारखायची आवड असेल तर पहिली. हे त्याचं त्यालाच ठरवावं लागेल, आणि बावीसाव्या वर्षी ते नेहमी माहीत असतंच असं नाही.

जागा घेण्याआधी काही गोष्टी लेखी घ्यायला सांगा. फी पूर्ण माफ आहे की राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याचा फरक भरावा लागेल? हातखर्च दहा महिने की बारा? राहायची सोय आहे का, कॅन्टीनमध्ये जेवण आहे का? मास्टर्स दोन वर्षांत पुरं होतं का? विषय फुटबॉलबाहेरही चालेल असा घ्यावा, शिक्षणशास्त्र किंवा संख्याशास्त्र. या दोन वर्षांसाठी कर्ज काढायचं नाही. फी माफ नसेल तर जागा नाकारावी, इथे मी ठाम आहे. तुम्ही पदरमोड करायची असेल तर एकच करा: २६ वर्षांचा होईपर्यंत तो तुमच्या आरोग्य विम्यावर राहू शकतो, तो चालू ठेवा. त्याच्या वाट्याचा सगळ्यात मोठा खर्च तिथे वाचतो.

आणि मुदत. दोन वर्षं उमेदवारीची, ती कशीही गेली तरी पुरी करू द्या. त्यानंतरच्या दोन वर्षांत कुठल्याही पातळीवर पूर्ण वेळेची जागा मिळायला हवी. सव्विसाव्या वर्षापर्यंत ती मिळाली नसेल आणि डिसेंबर-जानेवारीत, जागा हलतात त्या दिवसांत, त्याला कुणाचाच फोन येत नसेल, तर बसून बोला. विजय-पराजय बघू नका, ते त्याच्या हातात नाहीत. फोन येतोय का एवढं बघा. आणि एक तयारी तुमचीही हवी: गणपती आणि दिवाळी दोन्ही सीझनमध्ये येतात. १७ वर्षांत मी एकदाही लक्ष्मीपूजनाला आईकडे नव्हतो. दर वर्षी ती फराळाचा डबा पोस्टाने पाठवते आणि आमची डिफेन्सिव्ह बॅक्सची खोली चकल्या दोन दिवसांत संपवते.

हार्टफर्डला नकार कळवण्याआधी एक करा. मुलाला म्हणा, तुझ्याच एखाद्या मॅचचं फिल्म काढ आणि मला दहा प्ले समजावून दे. स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप ठेवा, चहा करा आणि अजिबात येत नाही अशा विद्यार्थिनीसारखं विचारत राहा: हे तिघं मागे का गेले, यांनी मैदान तिघांत कसं वाटून घेतलं, हा एकटाच पुढे का राहिला. तुम्हाला कळलं नाही की तो काय करतो ते बघा. तेच वाक्य मोठ्या आवाजात म्हणतो, की थांबून, वाटी-चमचे हातात घेऊन दुसऱ्या तऱ्हेने मांडून दाखवतो? काय झालं ते मला कळवा, मग आपण डिव्हिजन टूच्या त्या कोऑर्डिनेटरला काय काय विचारायचं ते ठरवू.